इंग्रजी कुणाची, शिकवायची कुणी?

गोमंतकीय माणूस परदेशी जातो यात बातमी अशी काही नाही. आमच्याकडे तारवटी पिढ्यानपिढ्या आहेत. ब्रिटिशांच्या आफ्रिकेत कारकुनी केलेल्यांची घरे बार्देश-सासष्टीत रंग उडालेल्या अवस्थेत अजून उभी आहेत. आखातातले आहेत, आणि पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडात गोदामात कामाला लागलेले तर आता प्रत्येक वाड्यावर दोन-चार मिळतील. गेल्या काही वर्षांत मात्र या यादीत एक नवीन नमुना मिळाला आहे. इंग्रजी शिकवायला जाणारी मुले. आणि तीही इंग्लंड-अमेरिकेला नव्हे (तिथे त्यांना शिकवायला कोण बोलावणार?), तर जपान, व्हिएतनाम, थायलंड अशा देशांत.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी त्यातलीच एक. दोन वर्षांमागे ती जपानला गेली तेव्हा मी कार्यालयात पेढे वाटले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने पेढा तोंडात टाकता टाकता विचारले, "आनी इंग्लीश शिकोवपाक तांकां आमचें चेडूं कित्याक? इंग्लेज नात?" सगळे हसले, मीही हसलो. पण हाच प्रश्न तिथले सरकार विचारते, तिथले पालक विचारतात आणि नोकरी देणाऱ्या कंपन्याही विचारतात. फरक एवढाच, की ते तो अर्जाच्या नमुन्यात छापून विचारतात.

जपानच्या शाळांत शिकवण्यासाठी 'प्रशिक्षक' या वर्गातला व्हिसा लागतो. परदेशी भाषा शिकवायची असेल तर त्याची एक अट अशी, की त्या भाषेतून तुमचे किमान बारा वर्षे शिक्षण झालेले असले पाहिजे. कारकुनाच्या नजरेने पाहिले तर अट स्वच्छ आहे. रंग विचारत नाही, देश विचारत नाही. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा सरळ सात देशांची यादीच पुढे करतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. (भारताशी झालेला त्यांचा आर्थिक भागीदारी करार २०१० मध्ये लागू झाला, त्यात भारतीय सहायक शिक्षकांसाठी एक फट ठेवली आहे. पण फट ती फटच.) त्या मानाने जपान उदार म्हणायचा.

आता गोव्यातल्या मराठी शाळेत गेलेल्या मुलाचा हिशेब करून पाहा. पहिली ते चौथी मराठी. पाचवी ते बारावी इंग्रजी माध्यम, म्हणजे आठ वर्षे. बी. ए. ची तीन. झाली अकरा! विद्यापीठात इंग्रजी विषयात नंबर काढलेला असो की काठावर पास झालेला असो, बेरीज अकराच. माझ्या भाचीचे बी. एड. झाले होते आणि २०१५ पासून ते दोन वर्षांचे झालेले आहे, म्हणून ती तेरावर गेली आणि सुटली. तिच्याबरोबर अर्ज केलेली तिची मैत्रीण इंग्रजीत तिच्यापेक्षा कांकणभर सरसच आहे, हे माझी भाचीच सांगते. ती अकरावर अडकली. कंपनीने दोन ओळींचे पत्र पाठवून अर्ज परत केला. चौथीपर्यंतच्या मराठीला त्या कागदावर शून्य किंमत होती.

मला जे सांगायचे आहे ते या शून्याबद्दल. परभाषा शिकवायला जाणाऱ्या आमच्या मुलांजवळ जी काही खरी पुंजी असते, तिचा मोठा भाग त्या चार वर्षांतच जमलेला असतो असे माझे मत आहे. मत भावनेचे नाही, व्याकरणाचे आहे.

भाची गेल्यापासून मी थोडे जपानी वाचायला लागलो. (कारकुनाला संध्याकाळी साडेपाचनंतर छंद परवडतो.) पहिल्याच धड्यात एक वाक्य भेटले : 'वाताशि वा रिंगो ओ ताबेमास'. वाताशि म्हणजे मी, रिंगो म्हणजे सफरचंद, ताबेमास म्हणजे खातो. मी सफरचंद खातो. शब्दाच्या जागी शब्द ठेवत जा, वाक्य तयार. क्रियापद शेवटी, आपल्यासारखेच. नामाच्या पाठीला चिकटणारे 'नि', 'दे', 'ओ' हे आपल्या विभक्तीप्रत्ययांसारखे. 'तोक्यो नि' म्हणजे टोकियोला, 'बासु दे' म्हणजे बसने. कर्ता गाळला तरी कुणाचे अडत नाही. आपण "जेवलास?" "जेवलो." म्हणतो तसेच ते म्हणतात. आणि इंग्रजीतली ती 'अ' आणि 'द' नावाची दोन चिलटे आपल्याकडे नाहीत, त्यांच्याकडेही नाहीत.

याचा अर्थ असा, की जपानी मूल इंग्रजी बोलताना नेमके तिथेच घसरते जिथे आपण पाचवीत घसरलो होतो. क्रियापद आधी आणायचे लक्षात राहत नाही. 'ऑन', 'इन', 'अ‍ॅट' नामाच्या आधी का लावायचे ते कळत नाही. 'द' कुठे टाकायचा आणि कुठून काढायचा हे कोडे तर जन्मभर सुटत नाही. लंडनमध्ये जन्मलेल्या माणसाला 'द' कुठे हवा हे झोपेतही कळते, पण का हवा असे विचारले तर तो म्हणतो, "तसेच म्हणतात." त्याला कधी शिकावेच लागले नाही. आमची मुलगी तो 'द' पाटीवर गिरवून, तांबड्या शाईच्या फुल्या खाऊन शिकलेली असते. वाट कुठे निसरडी आहे हे तिच्या पायांना आठवते.

उच्चारांचेही तेच. 'र' आणि 'ल' यांत जपानी कानाला फरक लागत नाही, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिची टिंगलही पुष्कळ होते. भाचीने मुलांना सांगितले, तुमच्या 'र-ल'सारखेच आमच्याकडे इंग्रजीतल्या दोन 'व'चे आहे. दातांनी ओठ दाबून म्हणायचा एक आणि ओठ गोल करून म्हणायचा दुसरा. आम्हा मराठी माणसांच्या तोंडी दोन्ही एकच. तिने त्यांना ते दोन्ही म्हणून दाखवायला सांगितले आणि स्वतःही म्हटले. मुलांच्या उच्चारावर याने एका दिवसात काही फरक पडला नाही, पण निदान त्यांनी तोंड उघडले. जपानच्या वर्गात ती अर्धी लढाई असते म्हणे. चुकलो तर हसे होईल या भीतीने सबंध वर्ग खाली मान घालून बसतो, उत्तर येत असले तरी.

अजून एक गंमत सांगण्यासारखी आहे. जपानी कानालिपीतल्या स्वरांचा क्रम आहे अ, इ, उ, ए, ओ. आणि ओळींचा क्रम आहे अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? वाटणारच. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत, त्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून हा क्रम तिथे रुजला. भाचीने फळ्याच्या एका बाजूला आपली बाराखडी लिहिली आणि शेजारी त्यांची ओळ लिहिली. मुलांना ते जादूसारखे वाटले, कारण ही बाई अमेरिकेहून आली नाही म्हणजे नक्की कुठून आली हा प्रश्न तोवर त्यांना पडलेलाच होता. दुसऱ्या दिवशी तिने पाव दाखवला. जपानीत पावाला 'पान' म्हणतात. तो शब्द आणि आमचा पाव, दोघेही पोर्तुगीजांनीच आणून टाकले. बटणाला ते 'बोतान' म्हणतात, आमच्या आजीच्या पिढीचा 'बुतांव' तोच. सोळाव्या शतकात गोवा आणि नागासाकी एकाच दर्यावर्दी वाटेवरची बंदरे होती, तिचे हे उरलेले तुकडे.

त्या वाटेने गोव्याहून जपानला पहिल्यांदा 'शिकवायला' गेलेली प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर. १५४९ च्या एप्रिलमध्ये ते इथून निघाले आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरले. सोबत आंजिरो नावाचा जपानी दुभाषा होता. त्याने जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात शिक्षण घेतले होते आणि १५४८ मध्ये इथेच बाप्तिस्मा घेतला होता. देवासाठी जपानीत कोणता शब्द वापरायचा हे झेवियरनी त्याच्यावर सोपवले. त्याने 'दाइनिचि' हा शब्द दिला. तो निघाला शिंगोन पंथातल्या महावैरोचन बुद्धाचा! म्हणजे झेवियर कितीतरी दिवस रस्त्यावर उभे राहून लोकांना बुद्धाचीच भक्ती करायला सांगत होते. ध्यानात आल्यावर घाईघाईने शब्द बदलून 'देउसु' केला. धर्माचा विषय मी इथे काढत नाही. मुद्दा एवढाच, की शिकवायला जाताना ऐकणाऱ्याची भाषा दुसऱ्याच्या हाती ठेवली की असे होते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच मातीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा अस्सल इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला. इंग्रजी शिकवायचे त्याच्या मनातही आले नाही, आणि त्या काळात ती शिकून करायचे तरी काय होते? तो इथली भाषा शिकला. १६१६ मध्ये राशोलला छापलेले त्याचे 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत आहे आणि कोकणीचे व्याकरणही त्याने लिहिले. गोव्यातल्या मराठीबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी कधीतरी या इंग्रजाकडे पाहावे. असो.

तर मग इंग्रजी शिकवायला इंग्रजच हवा, ही कल्पना आली कुठून? १९६१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षाच्या शेवटी गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, युगांडात मकेरेरे इथे इंग्रजी अध्यापनावर एक परिषद भरली होती. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावी, तिचा आदर्श शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजीभाषक, जितक्या लवकर सुरू करावी तितके चांगले, अशी सूत्रे तिथून पक्की होऊन जगभर गेली. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या त्यांच्या भाषिक साम्राज्यवादावरील पुस्तकात या सूत्रांना एकेक करून भ्रम ठरवले. त्याआधी १९८५ मध्ये आपल्या काश्मीरचे ब्रज काचरू यांनी इंग्रजीची तीन वर्तुळे मांडून दाखवली होती. आतल्या वर्तुळात इंग्लंड-अमेरिका, बाहेरच्यात भारतासारखे देश, आणि विस्तारणाऱ्यात जपान-चीन. विद्वानांनी निकाल देऊन जमाना झाला, पण तो व्हिसाच्या खिडकीपर्यंत पोचलेला नाही.

आणि जपानचा स्वतःचा इतिहास काय सांगतो? तिथे इंग्रजी शिकवणारा जन्माने इंग्रजीभाषक असा पहिला माणूस रॅनल्ड मॅकडोनाल्ड. बाप स्कॉटिश, आई अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या चिनूक या आदिवासी जमातीची. १८४८ मध्ये, परदेशी माणसाला जपानात पाऊल टाकायची बंदी असताना, तो मुद्दाम एकटा होडीतून रिशिरी बेटावर उतरला. त्याला पकडून नागासाकीला कोठडीत ठेवले. तिथे गजाआडून त्याने चौदा दुभाष्यांना इंग्रजी शिकवले. ते दुभाषे डच भाषेत तयार होते, म्हणजे वर्ग चालायचा तो इंग्रजी, डच आणि जपानी यांच्या खिचडीत. गुरुजी स्वतः विद्यार्थ्यांकडून जपानी शब्द टिपून घेत होते. त्या चौदांतला मोरियामा एइनोसुके पुढे कमोडोर पेरीच्या वाटाघाटींत दुभाषा म्हणून बसला. 'फक्त इंग्रजीतून' असले काही त्या कोठडीत नव्हते.

दुसरा मोठा शिक्षक लाफ्काडिओ हर्न. आई ग्रीक, बाप आयरिश, जन्म ग्रीसच्या लेफ्काडा बेटावर, एक डोळा अधू, आणि पदवी कसलीच नाही. १८९० मध्ये मात्सुएच्या शाळेत मास्तर म्हणून लागला, तिथल्याच सामुराई घरातल्या मुलीशी लग्न केले, कोइझुमी याकुमो हे नाव घेऊन जपानी नागरिक झाला आणि टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला. आजच्या अर्जाच्या नमुन्यात याला कुठल्या रकान्यात बसवले असते ते पाहायला मला आवडले असते!

१९०३ मध्ये हर्नला विद्यापीठाने काढले आणि त्याच्या जागी जे आले त्यांत एक होते नात्सुमे सोसेकी. पुढे जपानचे थोर कादंबरीकार झाले ते. सरकारने त्यांना १९०० ते १९०२ लंडनला इंग्रजीच्या अभ्यासासाठी पाठवले होते. तिथली ती दोन वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत वाईट. परत येऊन उभे राहिले ते हर्नच्या आठवणीने हळहळणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर. शिकून शिकून इंग्रजीत पंडित झालेला देशी मास्तर आणि समोर गोऱ्या मास्तराची वाट पाहणारा वर्ग! १९०७ मध्ये त्यांनी मास्तरकी सोडली आणि वर्तमानपत्रात नोकरी धरली. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त कणव येते ती सोसेकींची. कारण त्यांचा आजचा अवतार भाचीच्या शाळेत रोज तिच्या शेजारच्या टेबलावर बसतो.

१९८७ मध्ये जपान सरकारने जेट नावाची योजना काढली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. परदेशी तरुणाने सहायक म्हणून वर्गात उभे राहायचे आणि जपानी शिक्षकाने मुख्य म्हणून शिकवायचे, अशी जोडी. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी सहायकाचा होतो चालताबोलता टेपरेकॉर्डर : "पान बारा वाचा. पुन्हा वाचा. धन्यवाद." आणि जपानी शिक्षक, ज्याने वीस वर्षे व्याकरण शिकवले, तो परकीय पोरासमोर स्वतःचा उच्चार झाकत बसतो. २०२० पासून प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला इंग्रजीची तोंडओळख आणि पाचवी-सहावीला रीतसर विषय सुरू झाला. ज्या शिक्षकांनी जन्मात इंग्रजी शिकवले नाही त्यांच्यावर ती येऊन पडली. भाची म्हणते की वर्गाआधी दहा मिनिटे तिची सहशिक्षिका तिला जिन्यात गाठते आणि हळूच उच्चार विचारून घेते. पन्नाशीची बाई आहे. वर्गात विचारले तर मुलांसमोर जाईल म्हणून जिन्यात. भाचीने हे कुणाला सांगू नकोस असे बजावून मला सांगितले. गाव नाही, नाव नाही, म्हणून लिहितो.

आता जरा माझ्या प्रांतातले, म्हणजे कागदपत्रांचे. जाऊ इच्छिणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हा भाग नीट वाचावा.

जेटवाल्यांना स्थानिक सरकार स्वतः नेमते. पण असंख्य पालिका आता कंपन्यांकडून शिक्षक घेतात, ठेक्यावर. आमच्याकडची मुले बहुधा याच दाराने आत जातात. ठेक्याचा एक प्रकार असा आहे, की शिक्षिका कंपनीची नोकर, शाळेची नव्हे, म्हणून शाळेतल्या शिक्षकाने तिला थेट सूचना देणे कायद्यात बसत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने "आज दुसरा धडा घेऊया" एवढे सांगायचे तर ते कंपनीमार्फत यावे! आमच्या सचिवालयातल्या फायलींनाही लाज वाटावी असा हा प्रवास. अर्थात जिन्यातल्या बाईसारख्या माणसांमुळे शाळा चालते, कायद्यामुळे नव्हे.

तासांचे पाहा. वर्षानुवर्षे या कंपन्यांची करारपत्रे आठवड्याला साडेएकोणतीस तासांची असत. साडेएकोणतीसच का? कारण साधारण तीस तासांवर गेले की कर्मचाऱ्याचा आरोग्य आणि निवृत्तिवेतन विमा कंपनीला निम्मा भरावा लागे. तो अर्धा तास वाचवणारा जो कोणी कारकून असेल त्याच्या बुद्धीला माझा दुरून नमस्कार. २०१६ पासून कायदा टप्प्याटप्प्याने बदलत गेला आणि ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी वीस तासांवरच विमा लागू होतो. तेव्हा करार हाती आला की तास, विमा आणि कंपनीचा आकार या तीन गोष्टी आधी पाहा. चौथी गोष्ट सुट्टीतला पगार. भाचीला पहिल्या ऑगस्टमध्ये पगार निम्मा आला. करारात लिहिलेले होते, जपानीतल्या प्रतीत. इंग्रजी प्रतीत ते वाक्यच नव्हते. इंग्रजी शिकवणाऱ्या मुलीला जपानी वाचता येत नाही यावर कंपनीचा धंदा चालतो. आमच्याकडे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकांना यात नवल वाटणार नाही, पण घरापासून सहा-सात हजार किलोमीटरवर असताना निम्मा पगार वेगळा लागतो. आणि कंपनी मोठी, जाहिरात मोठी यावर जाऊ नका. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये जपानातली इंग्रजी संभाषणवर्गांची सर्वांत मोठी साखळी 'नोव्हा' कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षक पगाराविना राहिले.

खाण्यापिण्याचे हाल मी विस्ताराने सांगत नाही. शाळेत जेवण सगळ्यांना एकच, मुलांबरोबर वर्गात बसून. मासे खाणाऱ्या आमच्या मुलीला तिथे खरे तर काही कमी नाही, अडचण आली ती सोमवारची. जपानी स्वयंपाकात सुक्या माशांचा अर्क इतका मुरलेला, की भाजीच्या वाटीतही मासा. तिच्या आजीने फोनवरून निकाल दिला, दिसत नाही तो मासा नव्हे. प्रश्न मिटला.

रंगाचा प्रश्न मात्र असा मिटत नाही. पालकांना शाळा पाहायला बोलावतात त्या दिवशी एका आईने उपमुख्याध्यापकांना विचारले, की या बाईंचे इंग्रजी 'खरे' आहे का? त्यांनी ते प्रामाणिकपणे भाचीला येऊन सांगितले, आणि वर सांगितले की मी हो म्हटले. ती त्या रात्री फोनवर पुष्कळ वेळ बोलत होती आणि मी नुसता ऐकत होतो. त्या आईचा मला राग आला नाही असे नाही. पण पर्वरी-म्हापशाच्या रस्त्याने जाताना शाळांचे फलक पाहिले आहेत का तुम्ही? पोरांच्या चित्रांत निम्मी पोरे सोनेरी केसांची असतात. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना गोव्यात प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोकणीपुरते झाले. २०११ मध्ये ते इंग्रजी शाळांनाही खुले झाले, त्यावरून रस्त्यावर काय काय झाले ते सर्वांना आठवत असेल. त्या वेळी इंग्रजीच्या बाजूचे लोक एक उदाहरण हमखास देत, की जगात पुढे जायचे तर इंग्रजी पाहिजे.

जपान त्या उदाहरणात कधी बसला नाही. १८७२ मध्ये मोरी आरिनोरी या मुत्सद्द्याने खरोखरच इंग्रजीला जपानची भाषा करावी असा विचार मांडला होता आणि अमेरिकेतल्या विद्वानांचा सल्ला मागितला होता. येल विद्यापीठाच्या विल्यम व्हिटनी यांनी कळवले, असे करू नका, आपली भाषाच समृद्ध करा. हे व्हिटनी म्हणजे संस्कृत व्याकरणवाले, आपल्या पंडितांना परिचित असलेले. पुढे हाच मोरी जपानचा पहिला शिक्षणमंत्री झाला, पण शाळा जपानीतच राहिल्या. वैद्यक जपानीत, अभियांत्रिकी जपानीत. २००८ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळालेल्या तोशिहिदे मासुकावा यांनी स्वीडनमध्ये आपले व्याख्यान जपानीतून दिले. मला इंग्रजी येत नाही असे ते सरळ सांगत. तिथल्या मुलांना इंग्रजी कच्ची येते आणि त्यांचे काही अडत नाही. मग शिकवायचीच कशाला, असा प्रश्न भाची कधीकधी स्वतःलाच विचारते. मी तिला म्हणतो, त्यांना ती गरज म्हणून नको असेल तर हौस म्हणून शिकव. हौसेने शिकणाऱ्याला मास्तर चांगला लागतो. तिला हे फारसे पटलेले नाही. तिच्या मते हौस बारावीच्या वयात, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेपाशी संपते आणि नंतर उरते ते पाठांतर.

तिचा करार दर मार्चला संपतो. यंदा तिने सही करण्याआधी जपानी प्रत माझ्याकडे पाठवली. आम्ही दोघांनी शब्दकोश घेऊन तीन रविवार बसून ती वाचली. मला अजून अर्धी चित्रलिपी कळत नाही, पण कलमांचे आकडे, तारखा आणि 'परंतु' कुठे येतो हे ओळखायला कुठल्याही भाषेतल्या कारकुनाला वेळ लागत नाही. ऑगस्टचे कलम सातव्या पानावर सापडले. तिने पत्र लिहून ते बदलून मागितले, आणि इंग्रजी प्रतीतही तेच वाक्य घाला असे कळवले. कंपनीने इंग्रजी प्रतीत वाक्य घातले. पगार निम्माच ठेवला. ती सही करून राहिली आहे, निदान एक वर्ष तरी.

अकरावर अडकलेल्या तिच्या मैत्रिणीने मध्यंतरी एका कॉल सेंटरमध्ये काम केले आणि यंदा बी. एड. ला प्रवेश घेतला आहे. इंग्रजी माध्यमातून.